गर्भ, स्त्री आणि न्यायासन
(नभोवाणीवरील भाषण)



आमचें तुळिंज हें वसई तालुक्यांतील एक जुनें गांव. आज तें महानगरपालिकेच्या हद्दींत गेलें आहे. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस उतरणाऱ्या नव्या माणसाला येथें पूर्वीं भाताचीं खाचरें होतीं असें सांगितलें, तर तो हंसतो. रुळांच्या पलीकडे, पश्चिमेस, सोपारें आहे. तेथल्या बुरूड राजाच्या कोटाचें उत्खनन पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं १८८२ सालीं केलें, आणि अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा एक तुकडाही त्याच वर्षीं सोपाऱ्यास उजेडांत आला. हा धडा मीं पुष्कळ वर्षें शिकविला. फळ्यावर मीं '१८८२' लिहावें आणि मुलांनीं तें वहींत उतरून घ्यावें, असा क्रम चाले. परंतु त्याच १८८२ सालीं पुण्यास एक लहानसें मराठी पुस्तक छापून निघालें, आणि त्याच्या मुळाशीं आपल्याच मुंबई इलाख्यांतील एक खटला होता, ही गोष्ट मीं मुलांना कधीं सांगितली नाहीं. ती मलाच ठाऊक नव्हती. आज ती आणि तिच्या मागचीपुढची हकीकत आपणांस सांगावयाची आहे. विषय आहे गर्भपाताचा कायदा आणि आपलीं न्यायालयें.

विषय नाजूक आहे हें मी जाणतों. मी वकील नव्हे, वैद्यही नव्हे. मॅट्रिकपर्यंत शिकलेला आणि मुलांत आयुष्य काढून निवृत्त झालेला एक शाळामास्तर आहें. कायद्याचीं पुस्तकें मीं उतारवयांत चाळलीं. तीं कां चाळावीं लागलीं, हें ओघानें पुढें येईलच.

इंग्रजी राज्यापूर्वीं गर्भपात हा आपल्याकडे मुख्यतः धर्माचा आणि जातीचा विषय होता. शास्त्रकारांनीं भ्रूणहत्या घोर पातकांत धरली होती. पातक म्हटलें कीं प्रायश्चित्त आलें, पंचायत आली, बहिष्कार आला. पुढें मेकॉलेसाहेबांच्या आयोगानें १८३७ सालीं फौजदारी कायद्याचा मसुदा रचला. तो १८६० सालीं भारतीय दंडसंहिता ह्या नांवानें मंजूर झाला, आणि १ जानेवारी १८६२ पासून अंमलांत आला. त्यांतील ३१२ वें कलम असें कीं, स्त्रीचा जीव वाचविण्याच्या प्रामाणिक हेतूखेरीज जो कोणी गर्भपात घडवून आणील त्यास तीन वर्षांपर्यंत कैद व्हावी. आणि गर्भाची हालचाल सुरू झाल्यावर तो घडविला असेल, तर सात वर्षांपर्यंत. त्या कलमाखालीं एक छोटें स्पष्टीकरण जोडलें आहे. जी स्त्री आपला गर्भपात आपणच घडवून आणते तीही ह्या कलमाखालीं येते, असें तें सांगतें. गर्भ स्त्रीच्या पोटीं कोणाकडून राहिला, ह्याबद्दल कलमांत अवाक्षर नाहीं. गर्भाच्या बापाला त्या कायद्यांत जागाच नव्हती.

दंडसंहिता आतां इतिहासजमा झाली. १ जुलै २०२४ पासून तिच्या जागीं भारतीय न्याय संहिता आली. परंतु जुन्या ३१२ व्या कलमाचा मजकूर नव्या संहितेच्या ८८ व्या कलमांत जवळजवळ जसाच्या तसा उतरला आहे.

त्या काळीं ह्या कायद्याची धार कोणावर चालणार, हें उघड होतें. आठव्या नवव्या वर्षीं लग्न, आणि कित्येकींना वयांत येण्यापूर्वींच वैधव्य, अशी उच्चवर्णीयांत स्थिति होती. १८५६ च्या कायद्यानें विधवाविवाहास मोकळीक दिली खरी. पण तो कायदा घराघरांत शिरला नाहीं. केशवपन केलेली, एकवेळ जेवणारी आणि सगळ्या घराचें रांधणारी ती पोर घरांतल्याच कोणा पुरुषाच्या तडाख्यांत सांपडली, म्हणजे तिच्यापुढें वाटा थोड्याच उरत. गर्भ पाडावा, झालेलें मूल टाकावें अथवा मारावें, नाहीं तर विहीर जवळ करावी. पहिल्या दोन वाटांवर सरकार उभें होतें आणि चारही बाजूंना जात उभी होती.

ज्योतीराव फुले यांनीं ४ डिसेंबर १८८४ रोजीं सक्तीच्या वैधव्यासंबंधीं एक टिपण सरकारकडे पाठविलें. बेहरामजी मलबारी यांनीं ऐन त्या सालीं बालविवाह आणि वैधव्य ह्यांवर जो वाद उठविला होता, त्या निमित्तानें तें लिहिलेलें होतें. त्यांत त्यांनीं काशीबाई नांवाच्या एका ब्राह्मण विधवेची गोष्ट सांगितली आहे. ती त्यांच्या एका स्नेह्याच्या घरीं स्वयंपाकास होती. शेजारच्या एका शास्त्र्यापासून तिला दिवस गेले. गर्भ पाडण्याचे उपाय फसले, मूल जन्मलें, आणि लोकलज्जेनें तिनें तें मारलें. तिच्यावर खटला होऊन तिला जन्मठेपेची काळ्या पाण्याची शिक्षा झाली. ह्या एका गोष्टीनें ज्योतीरावांचें मन इतकें पोळलें कीं, आपण आणि सावित्रीबाई यांनीं आपल्या घराशेजारीं अशा स्त्रियांसाठीं आसरा उघडला, असें ते म्हणतात. तेंच पुण्याचें बालहत्या प्रतिबंधक गृह. त्याचें साल १८६३ असें सांगतात. तेथें कोणीही यावें, गुपचूप बाळंत व्हावें, मूल न्यावें किंवा ठेवावें, अशी मोकळीक असे. १८८४ पर्यंत तेथें ३५ विधवा येऊन बाळंत झाल्या, असा आंकडा त्या टिपणांत आहे. त्यांतलीं बहुतेक मुलें जगलीं नाहींत. आयांनीं पोटांत असतांना केलेल्या उपायांचा तो परिणाम होता, असेंही त्यांनीं लिहिलें आहे. दुसऱ्या एका काशीबाईचें मूल १८७४ च्या सुमारास ह्या दांपत्यानें दत्तक घेतलें. तोच पुढें डॉक्टर झालेला यशवंत.

अशी दुसरी संस्था १८७५ सालीं पंढरपुरास निघाली. ती काढणारे गृहस्थ लालशंकर उमियाशंकर हे तेथें न्यायाधीशाच्या हुद्द्यावर होते. मला ह्या गोष्टीचें फार वाटतें. दिवसा न्यायासनावर बसून कलमें लावणारा मनुष्य संध्याकाळीं टाकलेल्या पोरांसाठीं पाळणा शोधूं लागला. कायदा शिक्षा देऊं शकतो, पण शिक्षेनें मूल वांचत नाहीं, हें त्याला खुर्चीवर बसूनच कळलें असलें पाहिजे.

आतां त्या १८८२ सालच्या पुस्तकाकडे वळूं. १८८१ सालीं सुरतेस विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेवर आपलें नवजात मूल मारल्याचा आरोप शाबीत झाला. सेशन्स कोर्टानें तिला फांशीची शिक्षा सांगितली. अपिलांत मुंबईच्या हायकोर्टानें फांशी रद्द करून जन्मठेप दिली, आणि पुढें तीही कमी करण्यांत आली. इलाख्यांत ह्या खटल्याची फार चर्चा झाली. पुण्याच्या 'पुणेंवैभव' पत्रानें त्या निमित्तानें स्त्रीजातीच्या चालचलणुकीवर आग पाखडली. तें वाचून बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनीं लेखणी उचलली, आणि 'स्त्रीपुरुषतुलना' हें पुस्तक १८८२ सालीं पुण्यास छापून निघालें. त्यांचा प्रश्न अगदीं साधा होता. जे दोष तुम्ही बायकांच्या माथीं मारतां ते पुरुषांत नाहींत काय? आणि असतील, तर शिक्षा एकालाच कां? त्यांच्यावर इतकी टीका झाली कीं, त्यांच्या बाजूनें बोलण्यास ज्योतीरावांना १८८५ सालच्या 'सत्सारां'त पुढें यावें लागलें. ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं.

त्यानंतरचीं वर्षें मी भरभर ओलांडतों. रघुनाथ धोंडो कर्वे यांनीं १९२१ सालीं मुंबईंत संततिनियमनाचें केंद्र उघडलें. १९२७ पासून मरेपर्यंत त्यांनीं 'समाजस्वास्थ्य' मासिक चालविलें आणि त्यापायीं अश्लीलतेचे खटले सोसले. १९३४ च्या खटल्यांत डॉक्टर आंबेडकर त्यांचे वकील होते. १० नोव्हेंबर १९३८ रोजीं मुंबई विधिमंडळांत रोहम यांनीं संततिनियमनाच्या सोयी सरकारनें द्याव्यात असा ठराव आणला; त्यामागचें भाषण आंबेडकरांनीं तयार केलें होतें. ठराव फेटाळला गेला. गर्भ राहूंच नये ह्याची विद्या मागणाऱ्यांना अश्लील म्हणावें, आणि राहिलेला गर्भ पाडणारीस गुन्हेगार म्हणावें, असा तो काळ होता.

स्वातंत्र्यानंतर वारें फिरलें. चोरून केलेल्या गर्भपातांनीं स्त्रिया मरत होत्या, कायदा पुस्तकांत निजला होता, आणि हें सर्वांना ठाऊक होतें. १९६४ सालीं केंद्र सरकारनें ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष महाराष्ट्राचे त्यावेळचे आरोग्यमंत्री शांतिलाल शहा हे होते. समितीचा अहवाल १९६६ च्या डिसेंबरांत आला. इंग्लंडचा गर्भपाताचा कायदा १९६७ चा. म्हणजे आपली समिती त्याच्या आधींची, ही गोष्ट लक्षांत ठेवण्याजोगी आहे. लोकसंख्या कमी करण्याचें साधन म्हणून गर्भपाताकडे पाहूं नये, असें समितीनें स्पष्ट म्हटलें होतें. तिची दृष्टि स्त्रीच्या आरोग्यावर होती. परंतु तो काळ कुटुंबनियोजनाच्या लाल त्रिकोणाचा होता, आणि कित्येकांनीं ह्या सुधारणेचें स्वागत केलें तें त्या त्रिकोणाच्या हिशेबानें. स्त्रीचा जीव वांचावा म्हणून, कीं माणसांची संख्या घटावी म्हणून, हा घोळ जन्मापासून ह्या कायद्याच्या मागें लागला.

१९७१ सालीं संसदेनें वैद्यकीय गर्भसमापनाचा कायदा केला, आणि १ एप्रिल १९७२ पासून तो चालू झाला. बारा आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरानें आणि वीस आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांनीं सद्भावनेनें मत द्यावें कीं, गर्भ राहिल्यानें स्त्रीच्या जिवास अथवा शारीरिक वा मानसिक स्वास्थ्यास गंभीर अपाय होईल, किंवा मूल सव्यंग जन्मण्याचा मोठा धोका आहे. म्हणजे गर्भपात करतां येई. बलात्कारानें राहिलेला गर्भ, आणि विवाहित स्त्रीचें संततिनियमनाचें साधन फसून राहिलेला गर्भ, ह्यांनीं मनाला अपाय होतो असें कायद्यानें गृहीत धरलें.

ह्या कायद्याची रचना नीट पाहावी. त्यानें जुनें ३१२ वें कलम पुसलें नाहीं. त्या भिंतींत एक दार पाडलें आणि त्याची किल्ली डॉक्टरच्या हातीं दिली. स्त्रीनें 'मला नको' म्हणावें आणि तेवढ्यानें काम व्हावें, असें त्यांत कोठेंही नाहीं. तरीपण एक गोष्ट त्यांत फार मोलाची होती. सज्ञान स्त्रीच्या गर्भपाताला संमति लागते ती तिची एकटीची. नवऱ्याची नाहीं, सासऱ्याची नाहीं, बापाची नाहीं. अठरा वर्षांखालील मुलीच्या बाबतींत मात्र पालकाची लेखी संमति लागते.

हें एवढें कलम मला वेळेवर ठाऊक असतें तर! आतां मी माझी स्वतःची गोष्ट सांगतों. १९९४ सालच्या पावसाळ्यांत माझ्या वर्गांतील एका मुलाची आई शाळा सुटल्यावर मला भेटावयास आली. कोंकणांतून येऊन तुळिंजच्या चाळींत राहिलेलें कुटुंब. नवरा ट्रकवर, महिना महिना घराबाहेर. पदरीं तीन मुलें. बाई एका गाळ्यांत बांगड्यांना खडे लावण्याचें काम करी. तिनें पदराआडून एक घडी घातलेला कागद काढला. तो एका खाजगी दवाखान्याचा छापील कागद होता.

"गुरुजी, ह्यावर काय लिहिलंय तेवढं वाचून सांगा. ह्यांची सही लागतेच का?"

मीं कागद पाहिला. काय आहे तें माझ्या ध्यानांत आलें, आणि मला संकोच वाटला. खालीं 'पतीची सही' अशी ओळ छापलेली होती. तेवढी पाहून मीं तो परत केला. "होय बाई, छापलंय म्हणजे लागतच असेल. ते आले म्हणजे दोघं जाऊन या." एवढें बोलून मीं हजेरीपट उघडला. ती कांहीं बोलली नाहीं. कागदाची घडी करून निघून गेली.

नवरा येईपर्यंत दिवस भरत चालले होते. ती तोंवर थांबली नाहीं. कोणीतरी सुचविलेल्या एका बाईकडे गेली. पुढें काय झालें तें मला तिच्या मुलाच्या गैरहजेरीवरून कळलें. ती वांचली, पण वर्षभर अंथरुणाला खिळली. मोठा मुलगा, माझा विद्यार्थी, चौथींतून निघाला आणि त्याच गाळ्यावर कामास लागला. कायदा होऊन तेव्हां बावीस वर्षें झालीं होतीं. दवाखान्यानें तो कागद तसा कां छापला होता, ह्याचा जाब मी विचारणार नाहीं. मुलांना 'वाचल्याशिवाय उत्तर देऊं नका' असें रोज बजावणारा मी, न वाचतां उत्तर देऊन बसलों. निवृत्त झाल्यावर मीं प्रथम हा कायदा वाचला तो त्यामुळें. नवऱ्याच्या संमतीची गरज नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानेंही २०१७ च्या ऑक्टोबरांत एका प्रकरणांत उचलून धरलें. तें वर्तमानपत्रांत वाचलें त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं.

असो. ह्या कथेंत एक उलटें वळणही आहे, आणि तें आपल्या महाराष्ट्रानें देशांत सर्वांआधीं ओळखलें. गर्भजल तपासून मुलगा कीं मुलगी हें सांगण्याची विद्या १९८० नंतर मुंबईंत पसरली, आणि मुलगी असल्यास गर्भ पाडण्याचा धंदा बोकाळला. स्त्रीसंघटनांनीं चळवळ केली. १९८८ सालीं महाराष्ट्रानें गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा केला. असा कायदा करणारें तें पहिलें राज्य. केंद्राचा कायदा १९९४ सालीं झाला आणि १९९६ पासून अंमलांत आला. अंमल मात्र नांवापुरताच. शेवटीं २००० सालीं 'सेहत' आणि 'मासूम' ह्या महाराष्ट्रांतील दोन संस्था आणि डॉक्टर साबू जॉर्ज यांनीं सर्वोच्च न्यायालयांत धांव घेतली. न्यायालयानें राज्यांना धारेवर धरलें, आणि २००३ सालीं कायदा कडक झाला. २००५ सालीं मुंबईच्या एका दांपत्यानें, अपत्याचें लिंग निवडणें हा आमच्या जीवनस्वातंत्र्याचा भाग आहे असें हायकोर्टापुढें म्हणून पाहिलें. कोर्टानें तें मानलें नाहीं. तरीही आंकडे बोलके आहेत. महाराष्ट्रांत सहा वर्षांखालील दर हजार मुलग्यांमागें मुली १९९१ सालीं ९४६ होत्या. २००१ सालीं ९१३ झाल्या. २०११ सालीं ८९४. बीड जिल्ह्यांत तर २०११ सालीं ८०७.

येथें एक भाषेचा दोष घडला, आणि मास्तर ह्या नात्यानें तो मला सांगितलाच पाहिजे. लिंगनिदानाविरुद्धच्या प्रचारांत 'भ्रूणहत्या' हा शब्द भिंतीभिंतींवर रंगला. त्यानें मुलींचें भलें व्हावें हा हेतु चांगलाच होता. पण सामान्य माणसानें त्याचा अर्थ असा घेतला कीं, गर्भपात मुळांतच बेकायदा आहे. गुन्हा आहे तो लिंग पाहून मुलगी नाकारण्याचा. कायद्याच्या मर्यादेंत, नोंदलेल्या दवाखान्यांत केलेला गर्भपात हा गुन्हा नव्हे. दोन निराळ्या गोष्टींना एकच शब्द चिकटला, आणि ज्या बाईला वैद्याकडे जावयाचें होतें ती पुन्हां काळोखांत चोरवाट शोधूं लागली.

आतां अलीकडच्या न्यायालयीन वादाकडे येतों. २००८ सालीं मुंबईच्या एका दांपत्यास गर्भाच्या चोविसाव्या आठवड्याच्या सुमारास कळलें कीं, बाळाच्या हृदयांत गंभीर दोष आहे. कायद्याची मर्यादा वीस आठवड्यांची. हृदयाचे असे दोष पुष्कळदां विसाव्या आठवड्यानंतरच दिसतात. त्यांचे डॉक्टर निखिल दातार हे त्यांच्यासह हायकोर्टांत गेले. नवल असें कीं, जो डॉक्टर १९७१ च्या कायद्याचा किल्लेदार, तोच आतां किल्ली घेऊन न्यायासनापुढें उभा होता. ४ ऑगस्ट २००८ रोजीं न्यायमूर्ति खांडेपारकर आणि न्यायमूर्ति सय्यद यांनीं अर्ज फेटाळला. कायदा करणें हें संसदेचें काम आहे, आमचें नव्हे, असा त्यांचा रोख होता. पुढें दहा दिवसांतच त्या स्त्रीचा गर्भ आपोआप गळाला. वर्तमानपत्रांतून दोन्ही बाजूंनीं पुष्कळ लिहिलें गेलें. अपंग मुलाला जगण्याचा हक्क नाहीं काय, असें कोणी विचारलें. त्या मुलाला वाढविण्याचा भार आईबापांवर टाकून समाज आपण मोकळा होतो काय, असें दुसऱ्यांनीं विचारलें. दोन्ही प्रश्न खरे होते.

दार एकदां ठोठावलें गेल्यावर मागून अनेक आले. २०१६ च्या जुलैंत मुंबईच्याच एका पीडित स्त्रीस सर्वोच्च न्यायालयानें चोविसाव्या आठवड्यांत परवानगी दिली. त्याच वर्षीं सप्टेंबरांत मुंबई हायकोर्टानें आपण होऊन हातीं घेतलेल्या, तुरुंगांतील गरोदर स्त्रियांसंबंधींच्या प्रकरणांत न्यायमूर्ति ताहिलरमाणी आणि न्यायमूर्ति मृदुला भाटकर यांनीं निकाल दिला कीं, आई व्हावयाचें कीं नाहीं हें ठरविण्याचा हक्क स्त्रीच्या प्रतिष्ठेंतून येतो, आणि तो बंदिवान स्त्रीलाही आहे. काळ्या पाण्यावर गेलेल्या त्या काशीबाईची मला हा निकाल वाचतांना आठवण झाली.

शेवटीं संसदेनें २०२१ सालीं कायदा सुधारला, आणि त्या वर्षींच्या २४ सप्टेंबरपासून तो लागू झाला. वीस आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचें मत पुरे झालें. कांहीं ठराविक वर्गांतल्या स्त्रियांना चोवीस आठवड्यांपर्यंत मुदत मिळाली. गर्भांत गंभीर व्यंग असल्यास वैद्यकीय मंडळाच्या मतानें त्यापुढेंही. 'विवाहित स्त्री' हे शब्द जाऊन त्यांच्या जागीं 'स्त्री किंवा तिचा जोडीदार' असे शब्द आले. २९ सप्टेंबर २०२२ रोजीं न्यायमूर्ति चंद्रचूड, बोपन्ना आणि पारडीवाला यांनीं ह्या कायद्याखालीं विवाहित आणि अविवाहित असा भेद करतां येणार नाहीं, असें ठरविलें. गर्भपातापुरती नवऱ्याची जबरदस्ती हीही जबरदस्तीच, असेंही म्हटलें. अल्पवयीन मुलीच्या बाबतींत पोलिसांना कळविणें डॉक्टरवर बंधनकारक आहे. पण मुलीची आणि पालकांची इच्छा असल्यास तिचें नांव त्या वर्दींत उघड करण्याची सक्ति नाहीं, असेंही सांगितलें.

त्याच वर्षीं जूनच्या २४ तारखेस अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें आपलाच १९७३ चा निकाल फिरवून तेथील स्त्रियांचा हा हक्क राज्याराज्यांच्या मर्जीवर सोपविला. तिकडे न्यायालयानें दिलेलें न्यायालयानेंच काढून घेतलें. आपल्याकडे दिलें तें विधिमंडळानें, आणि रुंदावलें न्यायालयानें. म्हणून आपण निर्धास्त राहावें असें मात्र नाहीं. २०२३ च्या ऑक्टोबरांत दोन मुलांची एक विवाहित आई सव्विसाव्या आठवड्यांत सर्वोच्च न्यायालयांत आली. बाळंतपणानंतरच्या मनोविकारानें ती त्रस्त होती. ९ तारखेस दोन न्यायमूर्तींनीं परवानगी दिली. ११ तारखेस त्याच दोघींत, न्यायमूर्ति कोहली आणि न्यायमूर्ति नागरत्ना यांच्यांत, मतभेद झाला. १६ तारखेस तिघांच्या पीठानें नकार दिला. गर्भ सुदृढ आहे, स्त्रीच्या जिवास तात्काळ धोका नाहीं, मुदत टळली आहे, असें पीठाचें म्हणणें. एका आठवड्यांत त्या बाईनें तीन उत्तरें ऐकलीं.

आमच्या वसईंत ख्रिस्ती बांधवांची मोठी जुनी वस्ती आहे. जीव हा गर्भधारणेच्या क्षणापासूनच पवित्र आहे, अशी त्यांच्या धर्माची शिकवण. माझे कांहीं सहशिक्षक त्या समाजांतले होते, आणि त्यांची ही श्रद्धा किती खरी आहे हें मीं पाहिलें आहे. हिंदु, जैन यांच्या शास्त्रांतही गर्भाच्या जिवाबद्दल हीच कळकळ आहे. दिवस जसजसे भरतात तसतसा गर्भाचा कैवार घेणाऱ्यांचा मुद्दा बळकट होतो, हें मीही मानतों. परंतु एवढ्या वाचनानंतर माझी एक खात्री झाली आहे. गर्भाची दया म्हणून स्त्रीवर जेव्हां जेव्हां दार लावलें गेलें, तेव्हां तेव्हां मुलें वांचलीं नाहींत. स्त्रिया मात्र गेल्या. मूल वांचलें तें ज्योतीराव-सावित्रीबाईंच्या घरीं आणि पंढरपुरच्या पाळण्यांत, जेथें आलेल्या बाईला 'तूं कोण, कोणाची' असें कोणी विचारलें नाहीं. ज्यांना गर्भाची खरी कळकळ आहे त्यांनीं तसें घर उघडावें, तशी शाळा काढावी, अपंग मुलाच्या आईच्या हाताखालीं हात द्यावा. तेवढें झाल्यावर निर्णय त्या बाईचा असूं द्यावा, असें मला वाटतें. आपणांपैकीं कोणास तें पटणार नाहीं; त्यांनीं निदान कायदा काय आहे हें खरें तेवढेंच सांगावें.

आमच्या चाळींतून आजही बायका कागद घेऊन येतात. रेशनचा असतो, बँकेचा असतो, कधीं दवाखान्याचा असतो. मी चष्मा लावतों, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत तो मोठ्यानें वाचतों, आणि जें समजत नाहीं तें समजत नाहीं असें सांगतों. सज्ञान बाईनें सहीबद्दल विचारलें, तर तिची एकटीची पुरते हें मीं पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत लिहून दारामागें टांगलें आहे.